नाव न घ्यायचा देव

"यांना चहा कसा लागायचा?"

घरात कुणी गेलं की ते काका यायचे आणि पहिला प्रश्न हा विचारायचे. कधी गेले, कसे गेले, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही नाही. बेल ते कधीच वाजवत नसत. दारावर बोटांच्या पेरांनी हलकेच टकटक करायची, बूट काढायचे, बसलेल्यांना "बसा, आता घाई कशाचीच नाही" म्हणायचं आणि सरळ ओट्याकडे जायचं. परक्या घरातला चहाचा डबा त्यांना विचारल्याशिवाय कसा सापडायचा, हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्या स्वतःच्या घरात मला तो शोधावा लागतो.

आमच्या फ्रीमाँटच्या घरी ते पहिल्यांदा आले ते दोन हजार एक साली. सासू-सासरे अमेरिका बघायला म्हणून पुण्याहून आले होते. सासऱ्यांना इथलं दुसरं काही आवडलं नाही, फक्त टीव्हीवरचं हवामानाचं चॅनल आवडलं. दिवसभर ते बघायचे आणि संध्याकाळी आम्ही ऑफिसातून आलो की उद्याचं ऊन आम्हाला सांगायचे. एका दुपारी जेवून त्याच चॅनलसमोर बसले आणि बसल्या बसल्या गेले. अँब्युलन्स आली, उंच उंच माणसं आली, फार सभ्यपणे सॉरी म्हणाली आणि त्यांना घेऊन गेली. पुढे काय करायचं हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं. सासूबाई सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून होत्या. रडत नव्हत्या, बोलत नव्हत्या, पाणीही घेत नव्हत्या. शेजारच्या कुणीतरी कुणालातरी फोन केला आणि तासाभरात दारावर टकटक झाली.

"यांना चहा कसा लागायचा?" काकांनी सासूबाईंना विचारलं.

मला वाटलं, हा कोण मूर्ख माणूस. पण सासूबाईंनी मान वर केली.

"बिनसाखरेचा," त्या म्हणाल्या. "डायबेटिस होता ना. पण मी पाठ फिरवली की दोन चमचे घालून घ्यायचे. मला काय कळत नव्हतं?"

आणि मग त्यांना रडू फुटलं. काकांनी तेवढ्यात आधण ठेवलंही होतं. त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांनी दोन चमचे साखरेचा चहा प्यायला. मी बिनसाखरेचा पिते. मीही तो प्यायले.

इथे चिता नसते, भट्टी असते, आणि मुलाला बटण दाबावं लागतं. नवरा त्या बटणासमोर उभा राहिला आणि त्याचा हात उचलेना. मागे सगळे उभे, कुणाला पुढे व्हायचं सुचत नाही. काका पुढे गेले आणि त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "मी फक्त हात ठेवतोय. दाबायचं तू, तुला जमेल तेव्हा." बराच वेळ दोघं तसे उभे होते. बाहेरच्या माणसाने आत डोकावून घड्याळाकडे बघितलं, तेव्हा काकांनी नुसती मान हलवली आणि तो माणूस गेला.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. उगाच गूढ करायचं म्हणून नव्हे. त्यांचं नाव कुणी घेतच नसे. "त्या काकांना फोन कर," एवढंच. एकोणसत्तर साली शिकायला आलेला, मशिनं डिझाइन करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेला साताऱ्याकडचा हा माणूस. आमच्यासारख्या व्हिसावर आलेल्या पोरांच्या मानाने जुना रहिवासी, मोठं घर, मागे बाग. मूलबाळ नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका कोपऱ्यात उभा असायचा. लोक त्याच्याशी अदबीने बोलायचे आणि लवकर आटपायचे. फोनमध्येसुद्धा कुणी त्यांचं नाव ठेवत नसे. माझ्या एका मैत्रिणीने त्यांचा नंबर 'प्लंबर' म्हणून सेव्ह केला होता. मग खरंच तिच्या किचनचं सिंक तुंबलं तेव्हा तिच्या नवऱ्याने त्यांनाच फोन लावला. काका पाना घेऊन गेले आणि सिंक मोकळं करून आले. दार उघडल्यावर त्या नवऱ्याचा चेहरा काय झाला असेल याची कल्पना करून आम्ही आठवडाभर हसलो.

आपल्याकडे हे नवं नाही. आपण दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री सापाला साप म्हणत नाही, जनावर म्हणतो. तुम्हीही म्हणत असाल. एच-वन व्हिसा आणि दोन डिग्र्या घेऊन आलेली आमची पिढीही म्हणत होती. फक्त आम्ही ते माणसाच्या बाबतीत केलं.

मी त्यांच्याकडे जायला लागले ती पुदिन्यासाठी. त्यांच्या मागच्या अंगणात पुदिना नुसता माजलेला असायचा. एकदा जुडी खुडून देताना ते म्हणाले, "हे झाड कुणाचं, माहीत आहे का तुला? हेडीसचं."

"कोण हेडीस?"

निवृत्त झाल्यावर ते कम्युनिटी कॉलेजात ग्रीक पुराणांच्या वर्गाला जाऊन बसत. वर्गात सगळी विशीतली पोरं, आणि मध्ये हे, विंडचीटर घालून. "मृतांचा राजा," ते म्हणाले. "तीन भाऊ होते. चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश मिळालं, पोसायडनला समुद्र, याला जमिनीखालचा अंधार. याने तक्रार केली नाही. एखाद्या कंपनीत नाइट शिफ्ट मिळते ना, तसं."

"म्हणजे आपला यम."

"छे, छे. यम फास घेऊन न्यायला येतो. हा कुणाला न्यायला जात नाही. शिक्षाही हा करत नाही, त्याला वेगळे न्यायाधीश आहेत. हा फक्त आलेल्याला आत घेतो. कुणाला नाही म्हणत नाही. त्याला म्हणायचेच, पुष्कळांना घरात घेणारा." मग जरा हसले. "पण लोकांना त्याची भीती. देवळं जवळजवळ नाहीत. नैवेद्य दाखवायचा तो तोंड फिरवून. नाव घ्यायचं नाही. नाव घ्यायची वेळ आलीच तर म्हणायचं, श्रीमंत. का, तर धान्य जमिनीतून येतं, सोनं जमिनीतून येतं. त्याचं दुसरं नाव प्लूटो, म्हणजे तेच, श्रीमंत."

"आणि पुदिना?"

"ती एक अप्सरा होती. तिच्यावर त्याचं मन गेलं म्हणून बायकोने तिला तुडवलं, तिचा पुदिना झाला. तुझ्या काकूला सांगू नकोस, सगळा वाफा उपटून टाकेल."

काकू आतून ऐकत होत्या. "उपटायला मी असते कुठं इथं," त्या म्हणाल्या.

हे मात्र खरं होतं. काकू सांगलीच्या. दिवाळीच्या आधी सांगलीला जायच्या आणि तिथला उन्हाळा तापायला लागला की इथे यायच्या. सांगलीला त्यांची आई होती, नव्वदीच्या पुढची, आणि म्हातारीला दुसरं कुणी नको, लेकच हवी. काका म्हणायचे, आमची पर्सेफोनी माहेरी गेली. ही हेडीसची बायको. तिला तो आईच्या नकळत रथात घालून घेऊन गेला. आईने इतका आकांत केला की शेतात काही उगवेना. मग देवांनी तडजोड केली, काही महिने आईकडे, काही महिने नवऱ्याकडे.

"फसवून आणलं होतं त्याने तिला," काका म्हणाले.

"मग तुमचं तसं काय आहे? तुमचं तर पत्रिका बघून झालं असेल."

"दोन वर्षांत परत येऊ, असं सांगून आणलं मी तिला. मला तेव्हाच माहीत होतं येणार नाही ते. फसवणं ते फसवणंच. रथ असला काय आणि विमान असलं काय."

हे सगळं ते गमतीने सांगत. मी गमतीनेच ऐकत होते. काकूंचं दुःख कळायला मला त्यांच्या घरचं हळदीकुंकू बघावं लागलं.

एरवी संक्रांतीला काकू सांगलीत असायच्या. एका वर्षी भाची आईजवळ राहायला आली म्हणून त्या इथे थांबल्या आणि त्यांनी हळदीकुंकू करायचं ठरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गुळाच्या पोळ्या केल्या, हलव्याचे दागिने केले, सांगलीहून मागवलेली वाणं ओळीने मांडली. मंडळातल्या झाडून सगळ्यांना फोन केले. तेव्हा मला सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी माझी आई नागपूरहून आली होती.

"काहून जाऊन राहिली तू तिथं?" आई म्हणाली. "त्या माणसाच्या घरी जाते का कोणी अशा दिवसांत?"

"त्या माणसाने माझ्या सासऱ्यांचं सगळं केलं, आई."

"केलं ना, मंग? म्हणूनच म्हणते."

मी गेले. फार मोठं धैर्य दाखवलं असं काही नाही. मला डोहाळे लागले होते आणि गुळाची पोळी त्या काकूंसारखी इकडे बे एरियात कुणी करत नव्हतं. तिथे गेले तर हॉलमध्ये काकू एकट्या, चंद्रकळा नेसलेल्या, आणि समोर वाणांची रांग. एकीच्या मुलाची सॉकर गेम होती, दुसरीला एट-एटी हायवेवर ट्रॅफिक लागला होता, तिसरीला बरं नव्हतं. एकीने तेवढं खरं सांगून टाकलं होतं. "काकू, रागावू नका, पण तुमच्याकडे ती बॅग असते ना."

ती बॅग म्हणजे पुढच्या दाराजवळच्या कपाटातली एक साधी निळी खांद्याची बॅग. तिच्यात काकांचं सामान असायचं. गंगाजलाची छोटी तांब्याची लोटी, वाळलेली तुळशीची पानं, पांढरं कापड, कापूस, तूप, चंदन. फोन आला की ती उचलायची आणि निघायचं.

काकूंनी माझी ओटी भरली, मला पोटभर वाढलं, जाताना पोळ्या बांधून दिल्या. "तू आलीस, बरं वाटलं गं," म्हणाल्या. "आमच्या सांगलीत माझ्या दारात चपला ठेवायला जागा नसती." मग आत बघून, काकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लोकांची मढी हे उचलतात आणि वाळीत मी पडते."

मला त्या दिवशी सगळ्यांचा इतका राग आला की मी घरी येऊन विनाकारण आईशी भांडले.

पुढे शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं ते तुम्हाला आठवत असेल. मी गाडीत बातमी ऐकली आणि काकांना फोन केला. "ऐकलंत का? तुमच्या देवाचं काय केलं ते?"

"ऐकलं," ते म्हणाले. "तिथंही पंगतीतून उठवला बिचाऱ्याला." आणि मोठ्याने हसले. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना तेवढंच ऐकलं.

त्याच हिवाळ्यात काकूंची आई गेली. आम्हाला वाटलं, आता काकू बारा महिने इथेच राहतील. काकांनाही तेच वाटलं. त्यांनी काकूंसाठी ओट्याची उंची कमी करून घेतली, मागच्या दारी तुळस लावली, स्वयंपाकघराला रंग दिला. उन्हाळा आला. काकू आल्या नाहीत. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, की तुम्ही तो फोन घेणं बंद करा, मग मी येते. मला आता म्हातारपणी माणसांत राहायचंय.

हे मला काकांनी स्वतः सांगितलं. सांगताना त्यांना ना राग होता ना लाज. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "गोष्टीत त्या पर्सेफोनीने तिथले डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. खाल्लं म्हणून तिला परत जावं लागायचं. ही इथलं काय खाते? तांदूळसुद्धा सांगलीहून आणायची. हिला कशाने बांधून ठेवणार मी?"

त्या वर्षीच्या गणपतीत आरती झाल्यावर काका पहिल्यांदाच पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की आता वय झालं, यापुढे हे काम दुसऱ्या कुणीतरी बघावं, मी सगळं शिकवीन. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी त्यांना नारळ दिला. शिकायला कुणी गेलं नाही. काकू मात्र गुढीपाडव्याला यायला कबूल झाल्या.

आणि जानेवारीत आमच्या ऑफिसच्या टीममधला एक मुलगा गेला. मूळचा अकोल्याचा. शनिवारी सकाळी बॅडमिंटन खेळताना कोर्टावरच कोसळला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. वय तिशीच्या आत. बायको डिपेंडंट व्हिसावर, गाडी चालवता येत नाही, वर्षाची मुलगी कडेवर. इथे नात्याचं कुणी नाही. तिच्या घरात आम्ही पाच-सहा जण मित्र उभे होतो आणि प्रत्येक जण खाली बघत होता. सगळ्यांच्या मनात एकच नंबर होता. पण त्यांनी काम सोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि का सोडलं ते मला माहीत होतं. मी फोन काढला नाही. दुसऱ्या कुणीतरी काढला. कुणी, ते मी विचारलं नाही.

दारावर टकटक झाली.

त्याची बायको म्हणाली, "चहा घेतच नव्हता तो. बोर्नव्हिटा घ्यायचा. सगळे हसायचे त्याला." काकांनी सगळ्यांसाठी बोर्नव्हिटा केला. त्या पोरीनेही घेतला.

मग अकोल्याला आईवडिलांना कळवायचा प्रश्न आला. आमच्यातला एक जण म्हणाला, "काका, आत्ता फक्त सीरियस आहे म्हणून सांगू या. दोघं म्हातारी आहेत. शॉक बसेल. नंतर हळूहळू सांगू, यार, काय?"

आपल्याकडची ही पद्धत तुम्हाला माहीत आहे. माणूस गेलेला असतो आणि फोनवर सांगतात, जरा सीरियस आहे, निघा.

काकांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा कठोर झालेला पाहिला. "नाही," ते म्हणाले. "ते होणार नाही." मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. ते शिकायला आले त्या पहिल्या वर्षी त्यांचा रूममेट न्यूमोनियाने गेला होता. मोठ्या मुलांनी घरी तार केली, सीरियस. दुसरी तार जायला उशीर झाला. तेवढे दिवस म्हातारा बाप गावातल्या देवळात निरंकार उपास धरून बसला होता. "मेलेल्या पोरासाठी नवस बोलत होता तो. नंतर मला त्याचं पत्र आलं. त्यात एकच गोष्ट विचारली होती. माझ्याकडून नवसात काही चुकलं का? त्यानंतर मी कुणाला सीरियस सांगितलेलं नाही, आणि सांगू दिलेलं नाही."

त्यांनी स्वतः फोन लावला. "मी फ्रीमाँटहून बोलतोय. तुमचा मुलगा आज सकाळी गेला. मी त्याच्या घरात आहे, सूनबाई माझ्यासमोर आहे, नात बरी आहे. फोन ठेवू नका. मी इथेच आहे." पलीकडून काय आवाज आला तो मी लिहीत नाही. काका फोन कानाला धरून ओट्याजवळ उभे राहिले. मध्ये मध्ये फक्त "हो" म्हणत. आम्ही बसलो, उठलो, पुन्हा बसलो, ते उभेच होते.

ती बातमी सांगलीला पोचायला वेळ लागला नाही. मंडळातल्याच कुणीतरी काकूंना प्रेमाने कळवलं असणार, की काकांनी पुन्हा सुरू केलं हो. काकू चिडल्या नाहीत. "बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. "त्या पोरीला कोण होतं?" पण पाडव्याचं तिकीट त्यांनी रद्द केलं.

"भांडली असती तर बरं झालं असतं," काका मला म्हणाले. "मी जातो आता. समोर बसून बोलतो. आणतो तिला." त्यांनी स्वतःचं एप्रिलचं तिकीट काढलं. तेवढ्या दिवसांत त्यांनी एक गोष्ट केली. पुढच्या दाराजवळची ती निळी बॅग रिकामी केली, गंगाजल तुळशीला घातलं, बॅग धुऊन मागे वाळत टाकली. काकूंना दाखवायला तिचा फोटो काढला. मला म्हणाले, "असं काही पाठवलं तर वेडेपणा वाटेल का गं?" मी म्हटलं, पाठवा. त्यांनी पाठवला. काकूंनी उत्तर दिलं की तुळशीला फार पाणी घालू नका, कुजेल.

हे उत्तर वाचून ते जितके खूश झाले तितके मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती तुळशीचं विचारतेय म्हणजे येतेय, असा त्यांचा हिशोब होता. माझाही तोच होता.

मार्चमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. "एअरपोर्टला सोडशील का? आज दुपारचं तिकीट मिळालंय."

"एप्रिलचं होतं ना काका?"

"सांगलीहून भाच्याचा फोन आला होता. तिला बरं नाही. सीरियस आहे म्हणाला."

मी ऑफिसातून तशीच निघाले. ते फाटकाशी उभे होते, कोट घालून, सुटकेस घेऊन. हातात एक वेगळी पिशवी होती. काकूंचा स्वेटर, गुडघ्याला लावायचं मलम, त्यांना आवडणाऱ्या बदामाच्या बिस्किटांचा पुडा. गाडीत बसल्यावर ते बोलतच राहिले. भाच्याचं सांगणं जरा घाबरट असतं. सांगलीत आता चांगली हॉस्पिटलं झालीत. तिला बीपीची गोळी घ्यायची आठवण करावी लागते. उठून बसायला लागली की पुण्याला दाखवू, मग एकदम इकडेच घेऊन येऊ. मी नुसतं हं हं करत होते. तो शब्द माझ्या डोक्यात सारखा आपटत होता. त्या माणसाला तो शब्द कळला नसेल, हे शक्य नव्हतं. अख्ख्या बे एरियात त्यांच्याइतका तो कुणालाच कळत नव्हता. मला वाटलं, यांनी आयुष्यभर सगळ्यांना खरं सांगितलं, आता यांना खरं सांगायला कुणीतरी हवं, आणि इथे मी एकटीच आहे. खाडीवरचा पूल ओलांडल्यावर मी गाडी सावकाश केली.

"काका," मी म्हटलं.

"काही बोलू नकोस," ते म्हणाले. समोरच बघत होते. "मी भाच्याला काही विचारलं नाही. त्याला बोलू दिलं नाही पुढे." पिशवी त्यांनी मांडीवर सरळ केली. "मुंबईला उतरेपर्यंत ती आजारी आहे. तेवढं असू दे."

एअरपोर्टवर सामान उतरवून दिलं, वाकून नमस्कार केला. ते आत गेले. परत येताना मी गाडी कडेला लावून रडले, आणि आमच्या सगळ्या माणसांना, माझ्या आईसकट, मनातल्या मनात फार वाईट बोलले.

काकू त्या फोनच्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. भाच्याने काका पोचेपर्यंत त्यांना हॉस्पिटलात ठेवून घेतलं होतं.

काका परत आले नाहीत. घर एजंटमार्फत विकलं, सामान कुणाकुणाला दिलं. मंडळात पुढे कुणी गेलं की आम्ही एकमेकांना फोन करत बसायचो आणि शेवटी एखाद्या अनोळखी गुजराती गृहस्थांचा नंबर शोधून काढायचो. काकांना मी मधून मधून सांगलीला फोन करायचे. तब्येत बरी असते म्हणायचे. तिथे ते कोण, इकडे काय करायचे, हे कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेहून आलेले रिटायर्ड इंजिनिअर, एवढंच.

"इथे सगळे बोलावतात गं," एकदा ते म्हणाले. "लग्न, मुंज, वास्तुशांत. परवा शेजारी बारसं होतं. त्या मुलीने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि खुशाल आत निघून गेली."

"मग? घाबरलात की काय?"

"नाही. बसलो होतो घेऊन. हिला एवढंच हवं होतं," ते म्हणाले.